समोरचं स्टूल

शिवणशाळेत त्यांना सगळे डावऱ्या बाई म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. ज्या पोरींनी हे नाव पाडलं त्यांच्याही पोरी पुढे शिकायला येऊन गेल्या, नाव मात्र हललं नाही. बाईंनी कधी राग धरला नाही. "खोटं काय आहे त्यात?" त्या म्हणायच्या. "लिहायला उजवा हात लावला मला मारून मुटकून. पण कात्री डाव्यानेच धरली. तिथे मी कुणाच्या बापाचं ऐकलं नाही."

आता डावऱ्या माणसाने उजव्या हाताच्या पोरींना शिवण शिकवायचं म्हणजे एरवी नुसता सावळा गोंधळ. शेजारी बसून दाखवावं तर शिकणारीला सगळंच उलटं दिसणार. बाईंनी यावर नोकरीच्या सुरुवातीलाच तोडगा काढला. त्या कधीच कुणाच्या शेजारी बसल्या नाहीत. टेबलाच्या पलीकडे, समोर बसायच्या. कापड मात्र अंथरायचं ते शिकणारीकडे तोंड करून, तिला सुलटं दिसेल असं. बाईंना ते डोक्यावर उभं दिसायचं, पण त्यांचं काही अडायचं नाही. पलीकडून हात घातला की त्यांचा डावा हात बरोबर पोरीच्या उजव्या हातासमोर यायचा. "माझ्या हातामागे हात ने," एवढंच त्या सांगायच्या. ती हात न्यायची आणि कापड कापलं जायचं. बाकीच्या शिक्षिका विचारायच्या, उलटं कापड तुम्हाला कळतं तरी कसं? बाई म्हणायच्या, "समोरच्याच्या ताटात काय वाढलंय ते तुम्हाला कळत नाही का? नेमकं कळतं. तसंच."

असं समोर बसून उभं आयुष्य गेलं, त्यामुळे बाईंना माणसं वेगळ्याच खुणेने लक्षात राहायची. नावं त्या विसरायच्या, पोरींचे भांग विसरायच्या नाहीत. कामात वाकलेलं डोकं आणि त्यातला भांग, कुणाचा सरळ, कुणाचा कोपऱ्यातून, कुणाचा घाईत पाडलेला नागमोडी. मग टीप नीट बसली की ते डोकं वर व्हायचं, आणि चेहऱ्यावर जे काही उमटायचं ते आधी बाईंना दिसायचं. त्यासाठीच त्या नोकरी करत होत्या म्हटलं तरी चालेल. पगार होता, पण पगारासाठी कुणी इतक्या लवकर येऊन टेबलं पुसत नाही.

एकच डोकं त्या टेबलापाशी कधी वाकलं नाही, आणि ते बाईंच्या लेकीचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. अर्ध्या गावाच्या मुलींना शर्ट शिवता येत होता आणि बाईंच्या घरी सुईत दोरा ओवायला बाईच लागत. लेक लहान होती तेव्हा शाळा सुटली की शिवणशाळेत यायची, कोपऱ्यातल्या बाकावर भिंतीकडे तोंड करून गृहपाठ करायची, पण टेबलाकडे फिरकायची नाही. बाई म्हणायच्या, "ये की, बस समोर. निदान बटण तरी लावायला शीक." ती म्हणायची, "बटणवाले कपडेच घालणार नाही मी." आणि खरोखरच, मोठी झाल्यावर तिने जन्मभर टी-शर्टच घातले. हट्टाला पेटली की आईवर गेलेली.

पण पोरगी ढ नव्हती हो. तिला जे शिकायचं होतं ते शिकवणारं त्या गावात कुणी नव्हतं, एवढंच. कॉलेजात तिचं मन रमलं नाही. घरी बसून, कानाला हेडफोन लावून, पडद्यावर कुठल्या कुठल्या देशांतल्या मास्तरांकडून ती चित्रफितींचं संकलन शिकली, आवाज साफ करायला शिकली, अक्षरं नाचवायला शिकली. त्या मास्तरांनी तिला कधी पाहिलं नाही. बाईंना वाटायचं, पोर दिवसभर टाइमपास करतेय. मग एक दिवस तिला दुसऱ्या शहरातल्या एका कंपनीत नोकरी लागली, पदवीबिदवी कुणी विचारलीही नाही. बाई अवाक झाल्या. त्यांनी आख्ख्या शाळेत सांगितलं, आणि घरी येऊन त्या रडल्या, कारण लेक आता जाणार होती.

ही कंपनी काय करायची, तर धडे करायची. गवंडीकाम, सुतारकाम, हिशेब, केस कापणं, ज्याला जे हवं ते फोनवर शिकता येईल असे धडे. पुढे शिवणशाळेच्या मोठ्या सरांनीही ठरवलं की आपल्याकडचं शिक्षण ऑनलाइन न्यायचं, आणि काम फिरून फिरून त्याच कंपनीकडे गेलं. लेकीने तिथे सांगितलं, "शिवणाचे हात हवे असतील तर माझ्या आईचे घ्या." हे बाईंना कळलं तेव्हा त्या खूश झाल्या, पण वरून म्हणाल्या, "कॅमेऱ्यातून शिवण शिकवायचं? म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या."

तरी त्यांनी शिकवलं. बाईंच्याच घरात, मधल्या खोलीत, खिडकीपाशी. टेबलावर दिवे लावले, बाईंच्या खांद्याच्या मागून वर एक दांडी आणून तिला कॅमेरा टांगला, म्हणजे शिवणाऱ्याला स्वतःचे हात जसे दिसतात तसे दिसावेत. चेहरा घ्यायचाच नव्हता. लेक खोलीच्या दुसऱ्या टोकाला लॅपटॉप घेऊन बसायची. बाईंना भिंगाशी बोलता येईना. त्या अडखळायच्या, खोकायच्या, मध्येच गप्प व्हायच्या. लेक म्हणायची, "आई, मला सांगतेयस असं समज." मग त्या तिला सांगायच्या. ते महिने बाईंच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. लेक दर रविवारी यायची, दोघी एका खोलीत असायच्या, आणि एक दुसरीला शिवण शिकवत होती, भले दुसरीचे डोळे पडद्याला का चिकटलेले असेनात. उशीच्या अभ्र्यापासून सुरुवात झाली आणि पुरुषांच्या शर्टापर्यंत येऊन काम संपलं. संपलं तेव्हा बाईंनी विचारलंही, "कोट नको का?" लेक म्हणाली, "कोट आता कोण शिवतं घरी?"

धडे लोकांना आवडले. इतके आवडले की शाळेतला दुपारचा वर्ग रिकामा पडला, मग सकाळचाही. मोठे सर म्हणाले, सध्यापुरता बंद ठेवू. ह्या 'सध्यापुरता'चं काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं. बाईंना काम होतं, नव्हतं असं नाही. शिकणाऱ्या लोकांच्या शंका लिहून यायच्या, त्यांना घरून उत्तरं लिहायची. 'कॉलर उभी राहत नाही, काय करू?' 'कॉलरच्या आतलं कडक कापड बदला.' 'धन्यवाद.' आणि त्याखाली हात जोडल्याचं चित्र. ते चित्र बाईंना अजिबात आवडायचं नाही. त्या म्हणायच्या, हात जोडू नका, हात दाखवा.

घरचं टेबल तसंच खिडकीपाशी होतं आणि पलीकडे एक स्टूल. त्या स्टुलावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग साठायचा. बाई स्वतःसाठी काही शिवायला घ्यायच्या तेव्हाही सवयीने कापड स्टुलाकडे तोंड करून अंथरायच्या, आणि मग लक्षात आलं की फिरवून घ्यायच्या. कुणीतरी समोर बसावं असं त्यांना फार वाटायचं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी काय, की मला समोर एक डोकं हवंय? लोक म्हणाले असते, बाईचं डोकं फिरलंय.

स्वतःचे धडे त्यांनी पाहिले नव्हते. पहिला लावला आणि स्वतःचा आवाज ऐकून लगेच बंद केला. "ही कोण कावळ्यासारखी बोलते," म्हणाल्या. त्यामुळे पुढचं जे झालं ते कळायला इतका वेळ लागला.

एके दिवशी दारात एक बाई आली, हातात पिशवी, अंगावर प्रवासाची धूळ. म्हणाली, मी तुमची विद्यार्थिनी. बसने आलेय. सासूबाई कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळल्यात, घराबाहेर पडता येत नाही, आज नणंद आलीय म्हणून सुटले. त्यांच्या उशाशी बसून तुमचे धडे बघितले आणि शिवण शिकले, आता शेजारपाजारचे कपडे शिवते. एवढं सगळं ती एका दमात बोलली आणि बाईंच्या चेहऱ्याकडे बघतच राहिली. मग संकोचून म्हणाली, "तुमचा चेहरा कधी बघितला नव्हता ना. मला वाटायचं तुम्ही उंच असाल."

बाईंनी स्टुलावरचे कपडे उचलले आणि तिला तिथे बसवलं. चहा केला. मनातून त्या खजीलही झाल्या, कारण ह्या बाईला शाळेच्या वर्गात कधीच येता आलं नसतं, आणि बाई तर रोज उठून त्या धड्यांना मनातल्या मनात शिव्या घालत होत्या. विद्यार्थिनीने पिशवीतून शर्ट काढला. नवऱ्यासाठी शिवलेला, निळा, बारीक रेघांचा. टीप एकसारखी, कॉलरची टोकं टोकदार, बाह्या कुठेही ओढलेल्या नाहीत. बाईंचा हात त्यावरून फिरला आणि बटणपट्टीवर येऊन थांबला. काजं उजव्या बाजूला. बटणं डाव्या. खिसा उजव्या छातीवर.

"हे असं का केलंत?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही दाखवलंत तसंच तर केलं," विद्यार्थिनी म्हणाली. "काही चुकलं का? हे म्हणतात बटणं लावताना बोटं अडखळतात. मी म्हटलं, नवीन आहे म्हणून. फोन ठेवायला गेले की रिकाम्या छातीवर हात मारतात दर वेळी." आणि ती हसली. मग तिने बाईंनी चहाचा कप पुढे केला त्या हाताकडे पाहिलं. "बाई, तुम्ही डावऱ्या आहात? धड्यात तर उजव्याने कापता."

ती गेल्यावर बाईंनी शर्टाचा धडा लावला. आवाज बंद करून लावला. पडद्यावर त्यांचे हात होते, पण त्यांचे नव्हते. इस्त्रीने भाजल्याचा डाग भलत्याच मनगटावर. कात्री उजव्या हातात, सफाईने चाललेली. टेपवरचे आकडे जिथे उलटे दिसले असते तिथे मोठे सुबक आकडे चिकटवलेले. कुणीतरी सगळं चित्रच आरशात धरावं तसं फिरवलं होतं. 'कुणीतरी' म्हणायला तरी काय अर्थ होता? हे काम एकाच माणसाचं होतं आणि ते माणूस बाईंनी पोटातून काढलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

उशीच्या अभ्र्याला डावं-उजवं नसतं, म्हणून तिथे कुणाला कळलं नाही. पण पुरुषाच्या शर्टाची डावी बाजू वर येते, हे बाईंच्या टेबलापाशी पहिल्या वर्षाची पोरही सांगू शकली असती. ज्या माणसाने जन्मात बटणवाला कपडा घातला नाही, जे समोरच्या स्टुलावर कधी बसलं नाही, त्याच्याच हातून ही चूक व्हायची. आता किती घरांतले किती पुरुष आपली बटणं चाचपडत असतील कोण जाणे. बाईंना हसू आलं, आणि हसता हसता दुसरंच काही मनात आलं, ते मात्र चांगलं नव्हतं. धडे चुकीचे आहेत म्हटल्यावर वर्ग पुन्हा सुरू करावे लागतील. मोठे सर स्वतः म्हणतील, बाई, शेवटी माणूसच हवं.

लेकीला फोन न करता त्या दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्या. सरांच्या मागे चांगली साडेसाती लावायची असं ठरवूनच गेल्या होत्या, वाटेत वाक्यं पाठ करत. वर्गाच्या खोलीत आता कॉम्प्युटर मांडले होते. तिथे काही मुलं-मुली पडद्यावर बाहीचे आकार ओढून ताणून मोठे करत होती, माप बदललं की आकार आपोआप बदलत होता. एका पोरीने बाईंना ओळखलं नाही पण बसायला खुर्ची दिली. जुनी टेबलं व्हरांड्यात एकावर एक रचलेली होती.

मोठे सर बाईंना बघून उठलेच. बसा, म्हणाले, तुमचं नाव कुठे कुठे पोचलंय, आणि लेक तर काय, हिरा आहे, परवाच तिला बढती द्यायचं चाललंय असं तिचे साहेब सांगत होते. पाठ केलेली वाक्यं बाईंनी तशीच ठेवली. त्या म्हणाल्या, "शर्टाच्या धड्यात चूक आहे. बाजू उलटी झालीय."

सर गंभीर झाले. "कुणाची चूक?"

बाईंना एकच नाव सांगायचं होतं. ते तोंडापर्यंत आलंही. त्या म्हणाल्या, "आमची दोघींची."

"मग दोघींनी बसून दुरुस्त करा की," सर हसून म्हणाले. त्यांना बटणांचं महत्त्व फारसं वाटलं नाही, त्यांचा स्वतःचा शर्ट नीट लागत होता.

बाई उठल्या नाहीत. "आणि वर्ग?" त्यांनी विचारलं. "सकाळचा एखादा. लहानसा."

सरांनी टाळलं नाही, हा त्यांचा मोठेपणाच. "मी खरंच विचारून बघितलं, बाई. पाटी लावली होती महिनाभर. दोघीच आल्या. त्यातल्या एकीला पाहुणीने धडे दाखवले, ती गेली. एकीसाठी वर्ग कसा चालवू?"

बाईंना म्हणायचं होतं, एकीसाठीसुद्धा चालतो. वर्ग एकीचाच असतो, बाकीच्या आपापला नंबर येईपर्यंत थांबलेल्या असतात. पण हे सांगून उपयोग नव्हता आणि सरांचंही चूक नव्हतं. काल आलेल्या विद्यार्थिनीच्या सासूला शाळेत आणून झोपवता आलं नसतं. कुणावर तरी चिडता आलं असतं तर बाईंना बरं वाटलं असतं. त्या पायीच घरी आल्या. आता त्या खोलीत आपण पुन्हा कधी शिकवणार नाही, हे त्यांना कळलं होतं, आणि ते कळूनही पाय नेहमीसारखेच पडत होते याचं त्यांना नवल वाटलं.

मग त्यांनी लेकीला फोन केला. लेक आधी मानायलाच तयार नव्हती. मग ती उठून आरशापुढे गेली असावी, कारण फोनवर खुर्ची सरकल्याचा आणि पावलांचा आवाज आला.

"आई," ती म्हणाली, "ज्यांना आधी दाखवून बघितलं ते सगळे म्हणत होते, डावा हात बघून गोंधळ होतो. म्हणून मी फिरवलं. मला वाटलं हात बदलला तर काय बिघडतं."

"हात बदलला तर शर्ट बदलतो, बाळा."

"मला काय माहीत शर्टाचं." मग हळू आवाजात, "परत सुलटं केलं तर तुझा हात डावा दिसणार, तो गोंधळ होणारच. कंपनीत सांगितलं तर म्हणतील, शर्टापुरते दुसऱ्या कुणाचे तरी हात घ्या. उजवे. मीच असतेय तिथे, मला माहितीय काय म्हणतील ते."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. लेक म्हणाली, "मी रविवारी येते. त्यांना काही सांगायच्या आधी येते."

ती आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. झोप झालेली नव्हती. बाईंनी कुठे चुकलं हे काढलंच नाही, खायला घातलं. लेक म्हणाली, "मला आधी कळू दे तरी. दाखव, कशी येते ती बाजू वर." आणि टेबलापाशी बसायला दुसरं काही नव्हतं, खुर्चीवर तिच्या कॅमेऱ्याच्या पिशव्या होत्या, म्हणून तिने स्टुलावरचे कपडे उचलून पलंगावर टाकले आणि ती बाईंच्या समोर बसली.

बाईंचा हात कापडावरच राहिला. लेकीला काही कळलं नाही. ती म्हणाली, "काय झालं?" बाई म्हणाल्या, "काही नाही." त्यांनी कापड लेकीकडे तोंड करून अंथरलं, खडू तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "माझ्या हातामागे हात ने."

लेकीचा हात जड होता, कॉम्प्युटरचा उंदीर फिरवून फिरवून बोटं आखडलेली. पहिली रेघ वाकडी गेली, दुसरीही गेली. शाळेतल्या पोरीला बाईंनी एव्हाना टपली मारली असती. इथे त्या म्हणाल्या, "असू दे, सावकाश." पण गंमत अशी की पुढे काय करायचं ते लेकीला आधीच पाठ होतं. बाई बोलायच्या आत ती म्हणाली, "आता पट्टी आतल्या बाजूला दुमडा, आणि नखाने घडी बसवा, इस्त्री नंतर." बाई बघतच राहिल्या. लेक म्हणाली, "संकलन करताना एकेक वाक्य ऐकावंच लागतं, आई. खोकला कुठे येतो तेसुद्धा पाठ आहे मला." तिला सगळं येत होतं, फक्त हातांना काही येत नव्हतं.

मग ती शिवायला वाकली. बाईंना तिचा भांग दिसला. लहानपणी वेणी घालताना त्यांनी तो रोज मागून पाहिला होता, समोरून कधीच नाही. थोडा डावीकडे कलता, आणि त्यात आता काही केस पांढरे झालेले. आपली लेक म्हातारी व्हायला लागली आणि आपल्याला हे इतक्या उशिरा कळलं, असं बाईंना वाटलं, आणि फार आनंदही झाला, दोन्ही एकदमच. त्या खिडकीकडे बघू लागल्या, कारण डोळे भरून आले होते. ही दुपार आणखी लांबावी, कॉलर यावी, बाह्या याव्यात, पोरीने सगळं चुकवावं आणि सगळं उसवून पुन्हा पहिल्यापासून करावं, असं त्यांच्या मनात येत होतं.

पट्टी जोडून झाली. लेकीने दोन्ही बाजू एकमेकींवर ठेवल्या, डावी वर. वाकडीतिकडी, पण बरोबर. तिने मान वर केली आणि बाईंना तो चेहरा दिसला, ज्याची वाट त्या एवढी वर्षं बघत होत्या. तो हसरा होता, थोडा चकित होता, अगदी शाळेतल्या कुठल्याही पोरीसारखा.

"आई," लेक म्हणाली, "तू शाळेत अशीच शिकवायचीस? समोरून?"

"अशीच."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?" ती आपल्या हातांकडे बघत होती, मग बाईंच्या हाताकडे, मग पुन्हा आपल्या. "इथून तुझा डावा हात माझ्या उजव्याच्याच जागी येतो. कापडही सुलटं दिसतं. म्हणजे काही फिरवायलाच नको. मी कॅमेरा तुझ्या मागे लावला, तिथेच चुकलं. तो इथे हवा होता."

तिचा चेहरा उजळला होता. चूक सुधारणार होती, बाईंचेच हात राहणार होते, दुसरे कुणाचे आणावे लागणार नव्हते, आणि ती हे सगळं आईसाठी करत होती, त्यात शंका नव्हती. ती उठली. पिशवीतून तिने कॅमेरा काढला, लहान तिवई काढली आणि स्टुलावर ठेवली. उंची कमी पडत होती म्हणून खाली दोन जाड पुस्तकं घातली, वाकून भिंग आपल्या डोळ्यांच्या उंचीला आलंय का ते बघितलं, आणखी एक पुस्तक घातलं. "बरोब्बर," ती म्हणाली. "मी बसले होते तिथेच आलाय."

मग ती लॅपटॉप घेऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली. "कापड नवीन घे. आणि जसं आत्ता मला सांगितलंस ना, तसंच सांग."

बाईंनी नवीन कापड घेतलं. ते स्टुलाकडे तोंड करून अंथरलं. खडू उचलला आणि त्या काळ्या गोल भिंगाला, पट्टी कशी आखायची, डावी बाजू वर का येते, हे सांगायला सुरुवात केली. या वेळी त्या अडखळल्या नाहीत. आवाज चांगला लागला होता. घडी बसवून झाल्यावर, जमलं का ते बघायला, त्यांनी मान वर केली.

"आई, वर बघू नकोस," लेक पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "तू वर बघितलंस की शिकणाऱ्याला वाटतं आपलं काहीतरी चुकलं."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि खाली बघून त्यांनी पुढची टाचणी लावली.